अर्ध्या दिवसाचं प्रदर्शन

हेमराज,

काल तुझी तेरवी झाली. जेवण चांगलं होतं. वांग्याची भाजी जरा तिखट झाली होती, पण तू ती दोनदा मागून घेतली असतीस आणि मग पाणी पीत पीत आचाऱ्याला नावं ठेवली असतीस. पंगतीतले सगळे माझ्याकडे चोरून बघत होते. शाळेपासूनचा दोस्त गेला, आता प्रल्हाद हंबरडा फोडणार, अशी त्यांची खात्री होती. मी काही रडलो नाही. उलट ताटावरून उठलो तो असा चिडून, की हात धुवायचे राहिले आणि दिघोरीहून लाखांदूरपर्यंत खरकट्या हाताने मोटरसायकल चालवत दुकानात येऊन बसलो.

कशावर चिडलो ते सांगतोच. तू असतास तर तुला स्टुडिओतल्या त्या फिरत्या स्टुलावर बसवून, मान सरळ ठेवायला लावून, चांगलं अर्धा तास सुनावलं असतं. ती सोय आता राहिली नाही, म्हणून कागद घेतलाय. पण पहिल्यापासून सांगावं लागेल. नाहीतर तू म्हणशील की याने मधूनच सुरुवात केली आणि आपल्या सोयीचं तेवढं सांगितलं.

जेवणाआधी दोघं-तिघं बोलायला उठले होते. तू जिल्ह्याचं नाव मुंबईपर्यंत नेलंस, रस्त्यावरच्या साध्या माणसाला तू मोठं केलंस, असं बरंच काही. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होतो. त्यातल्या एकाने तुला लाखांदूरच्या बाजारातून हाकललेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा तू वरठीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला होतास, तिथेच खोली करून राहायचास आणि सुट्टी आली की बसने दिघोरीला यायचास. नागपूरच्या कुठल्याशा लग्नाच्या फोटोवाल्याकडून तू जुना कॅमेरा घेतलास, घरी पिशवी टाकलीस आणि कुंदावहिनीच्या हातचा चहासुद्धा न पिता सरळ बाजार गाठलास. आता आपल्या बाजाराला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. अतिक्रमण उठवायचं असलं की आधी कोणीतरी येऊन फोटो काढून जातो. तू दोन-चार ठिकाणी वाकून, एक डोळा मिटून कॅमेरा लावलास, आणि पाव तासात भाजीवाल्यांची अख्खी ओळ ताडपत्र्या गुंडाळून मोकळी झाली.

एकटी सरूबाई हलली नाही. तुझ्याच गावची, तलावातली मासोळी आणून विकणारी. तिने एका हातात तराजू तसाच धरला, दुसरा हात तुझ्यावर उगारला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काढ बाबू, काढ! माही आजी बसत होती याच जागेवर. नेऊन दाखव तुह्या सायबाले! अन् मासोळी घ्याची नसंल तं सरक तिकडं!"

तू नेमकं तेव्हाच बटण दाबलंस. मग लोक मागे लागले आणि तू धापा टाकत माझ्या दुकानात शिरलास. "अबे पल्लाद, दार लाव. बाजार माह्या मागं लागला." मी दार लावलं, तुला पाणी दिलं आणि फोटो मोठा करून पाहिला. मला घाम फुटला. तोपर्यंत मी पंधरा वर्षं स्टुडिओ चालवत होतो. पासपोर्ट, लग्नाआधी स्थळांना पाठवायचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे. मान सरळ, हनुवटी थोडी खाली, हलू नका. माझ्या फोटोत आजवर कोणाचा दात दिसला नव्हता.

"हिचं तोंड उघडं आहे बे," मी म्हणालो. "अन् हे कोनाचं कोपर आलं मधात?"

"हेच तं पायजे. ते बोलून राहिली का नाई, सांग. आवाज येते का नाई?"

आवाज येत होता. पण मी ते कबूल केलं नाही. असला फोटो मी गिऱ्हाइकाला दिला तर तो माझ्या तोंडावर मारेल, एवढंच म्हणालो. खरं म्हणजे तू गेल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला होता. तुझ्याजवळ हे कधी बोललो नाही. आता बोलतोय.

तिथून आपली भांडणं सुरू झाली. मी म्हणायचो, फोटो काढायच्या आधी माणसाला विचारावं. तू म्हणायचास, "इचारलं का मानूस उभा राहते, बटन लावते, अन् पुतरा होते. मंग कायले काढू?" आधी विचारायचं नाही, पण काढल्यावर लगेच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवायचं, ही तुझी रीत. लोक आधी शिव्या द्यायचे, मग पडदा बघायचे, मग हसायचे, आणि मग हमखास विचारायचे, मले देशीन का? तू पोस्टकार्डाएवढा फोटो माझ्याकडून छापून घेऊन त्यांना नेऊन द्यायचास. पण आपल्या लोकांना एवढ्याने कुठं भागतं. सरूबाईने तो फोटो उलटापालटा करून पाहिला आणि परत तुझ्या हातात ठेवला. "मले एवढासा नोको. काचेतला दे, मोठा." तू म्हणालास, देतो. मग केसकर्तनवाला, तोही मोठा पाहिजे म्हणाला. धानाच्या रोवणीला निघालेल्या बायांची गच्च भरलेली छोटी गाडी तू टिपलीस, त्या साऱ्याजणींना मोठा पाहिजे झाला. तू प्रत्येकाला हो म्हणालास. निवडणुकीत उभ्या राहिलेल्या माणसानेही एवढी आश्वासनं दिली नसतील.

वरठीला तर तुझा धडाकाच होता. पाळी सुटली की सायकली आणि मोटरसायकलींची नुसती रांग लागायची, आणि तू स्वतः पाळी करून आलेला, काळाकुट्ट, त्या रांगेच्या आडवा उभा. हिवाळ्यातल्या धुक्याचा तो एक फोटो मला फार आवडतो. सायकल आहे, कॅरिअरवर डबा आहे, आणि चालवणारा कोण आहे ते काही केल्या कळत नाही. मी तुला म्हणालो होतो, चेहराच दिसत नाही तर फोटो कसला. तू मला मूर्खात काढलंस. ते बरोबरच होतं.

पण आपलं खरं भांडण वेगळं होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. फोटो कोणाचा? काढणाऱ्याचा की ज्याचा चेहरा त्याचा? माझं म्हणणं साधं होतं. मी दुकानदार माणूस, माझ्याकडे जो येतो तो आपला फोटो घेऊन जातो, संपला विषय. तू टेबलावर हात आपटायचास. "उन्हात मी उभा राहिलो, शिव्या मी खाल्ल्या, बटन मी दाबलं. सरूबाईनं आपलं तोंड असं कधी पाह्यलं होतं का? मी दाखवलं. मंग फोटू माहा!" तुला नाव हवं होतं, हेमराज. त्यात वाईट काही नव्हतं. चौदा वर्षं तू स्पर्धांना फोटो पाठवत होतास आणि पाकिटं परत येत होती, नाहीतर येतच नव्हती. गावात तुला कोणी हेमराज म्हणत नव्हतं, फोटूवाला म्हणायचे. पाहुणे विचारायचे, कुठलं दुकान? दुकान नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी पाहिलंय. तू ते हसण्यावारी न्यायचास, पण त्या संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन परत आलेली पाकिटं पुन्हा उघडून बघत बसायचास.

आणि मग भंडाऱ्याचं प्रदर्शन ठरलं. मुंबईच्या एका संस्थेच्या बाई विदर्भात फिरून फोटोवाल्यांची कामं पाहणार होत्या आणि त्यातून एकाला निवडणार होत्या. निवड झाली की वर्षभर फक्त फोटो काढत फिरायचं, पोटापाण्याची सोय ती संस्था करणार, आणि शेवटी मुंबईत प्रदर्शन. तू हे सांगायला आलास तेव्हा तुझा आवाज बसला होता. वर्षभर भट्टीसमोर उभं राहायचं नाही, ही गोष्ट तू तीनदा बोललास. आपण अठ्ठावीस फोटो निवडले, वरठीची एकटी धुक्यातली सायकल आणि बाकी सगळे बाजारातले, गावातले. निवडले म्हणजे तू निवडलेस आणि मी नाकं मुरडली. काचा, चौकटी सगळं मी केलं. प्रत्येक फोटोखाली लावायला पांढरी पट्टी छापली, तिच्यावर तुझं नाव आणि खाली दिघोरी. आदल्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन त्या सभागृहात खिळे मीच ठोकले. तू खाली उभा राहून, "जरासा डावीकडं, जरासा," करत माझा जीव खाल्लास.

घोटाळा तू करून ठेवला होतास आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तू बाजारात आणि गावात सगळ्यांना सांगितलं होतंस, तुमचा मोठा फोटू तयार झाला, भंडाऱ्याले या. आता आपल्याकडे फोटो तयार झाला म्हणजे काय करतात? पाहून परत जातात का? सकाळच्या बसने सरूबाई आणि तिच्यामागे पस्तीस-चाळीस माणसं उतरली तेव्हा मी दारात उभा होतो. प्रत्येकाच्या हातात पिशवी. कोणी जुनं लुगडं आणलेलं, कोणी पोतं, एकाने तर सुतळीसुद्धा. मी विचारलं, हे कशाला? केसकर्तनवाला म्हणाला, "काच फुटू नाई म्हून."

तू तिथे नव्हतास. बाईंना घ्यायला तू स्वतः वरठी स्टेशनवर गेला होतास, आणि बाईंची गाडी नागपूरच्या अलीकडे कुठेतरी अडकली होती. अकराला येणार होत्या, बारा झाले, साडेबारा झाले. मी लोकांना म्हणत होतो, बसा, चहा घ्या, बाईंनी एकदा पाहू द्या. तेही बिचारे बसले होते. आपापल्या फोटोसमोर उभे राहून एकमेकांना दाखवत होते. मी आजवर इतका आनंदी हॉल पाहिला नाही. रोवणीच्या बायांनी तर आपल्या फोटोसमोर फेर धरायचाच बाकी ठेवला होता. सरूबाई मध्येच फोन घेऊन पायऱ्यांवर गेली आणि कोणाशी तरी तावातावाने भांडत होती. मला वाटलं मासोळीच्या भावावरून असेल. ती आत आली, पदर खोचला आणि सरळ आपल्या फोटोला हात घातला.

"आमची गाडी दोनची आहे. माहा फोटू मी घेऊन जाऊन राहिली."

"सरूबाई, थांब ना वं. बाईले पाहाचे आहेत अजून."

"बाईले पाहाचं असंल तं दिघोरीले ये म्हना. माहं घर कोनीबी दाखवते."

मी तुला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दोनची गाडी चुकली तर पुढची थेट संध्याकाळची, आणि त्यातले अर्धे लोक बसमधून उतरून पुढे पायी जाणारे. सगळे माझ्याकडे बघत होते. आता मला सांग, ज्या माणसाने वर्षानुवर्षं तुझ्यासमोर घसा फोडून सांगितलं की फोटो ज्याचा चेहरा त्याचा, त्या माणसाने त्या बाईच्या हातातून तिचा फोटो कसा काढून घ्यायचा? आणि नाही काढून घ्यावा तर तुझी मुंबई गेली. मी स्टूल ओढलं. वर चढलो आणि तिचा फोटो स्वतः उतरवून दिला. मग दुसरा. मग कोणालाच नाही म्हणता येईना. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून दिले. लोक मला हात जोडत होते आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. दीड वाजता हॉल रिकामा होता. फक्त तुझ्या नावाच्या पट्ट्या राहिल्या होत्या, आणि एक फोटो. धुक्यातली सायकल. ती कोणाची ते कोणालाच ओळखता आलं नाही.

तू बाईंना घेऊन आलास साडेतीनला. त्या दारातच थांबल्या. "फोटो कुठे आहेत?"

"घरी गेले," तू म्हणालास.

"कोण घरी गेले?"

"ज्याचे त्याचे."

बाई भिंतीच्या कडेने चालत गेल्या. एकेक पट्टी वाचत होत्या. हेमराज, दिघोरी. हेमराज, दिघोरी. हेमराज, दिघोरी. सायकलीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खुर्चीवर बसून हसायला लागल्या. पण हसून निवड थोडीच होते? बाकीचे फोटो मोबाइलवर दाखवले, तर त्या म्हणाल्या, असे पाहून मी कोणाला न्याय देऊ शकत नाही. त्यांना संध्याकाळी गोंदियाला पोचायचं होतं. त्या निघून गेल्या आणि तू माझ्याकडे वळलास.

"तू वाटले का बे?"

"हो."

"मस्त केलं."

तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, हा आता राग येण्याच्याही पलीकडे गेलाय. निवड दुसऱ्याच कोणाची झाली. तू सोमवारी पहिल्या पाळीला भट्टीवर हजर होतास. त्या दिवसापासून तू दुकानात आलास की मी न विचारता चहा सांगायचो, सोबत आलुबोंडा. पैसे देऊ दिले नाहीत. आणि तू? चार लोकांत माझी ओळख करून द्यायचास, "हा आपला पल्लाद. यानं माही मुंबई वाटून टाकली." लोक हसायचे. मी आतल्या आत जळायचो.

बाई दुसऱ्या हिवाळ्यात स्वतःहून परत आल्या, हे माझं नशीब. फोटो पाहायला आल्या, घरोघरी. दोन मोटरसायकली काढून आपण तीन दिवस फिरलो. सरूबाईच्या घरी तिचा फोटो देवाच्या वर टांगलेला होता, आणि देव खाली का असं बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "देव रोज दिसते." केसकर्तनवाल्याने आरशाच्या जागी स्वतःचा फोटो लावला होता, गिऱ्हाइकांना आरसा हातात धरायला लागायचा. रोवणीच्या बायांचा फोटो एक आणि बाया अकरा, म्हणून तो दर महिन्याला घर बदलत होता. आपण गेलो तेव्हा कोणाच्या घरी आहे हे शोधण्यातच सकाळ गेली. बाईंनी तुला सांगितलं, आता हे काढा. तू घराघरात लटकलेले आपलेच फोटो, त्यांच्या घरासकट, पुन्हा काढलेस. आणि त्याचं मुंबईत प्रदर्शन झालं. वर्षाची सुटी काही मिळाली नाही, पण नाव झालं. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. तो मी काढलेला होता. मान सरळ, हनुवटी थोडी खाली.

त्यानंतरचा बाजार आठवतो का? तू दिसलास की कोणी ताडपत्री गुंडाळत नव्हतं. उलट सगळे तुला न पाहिल्यासारखं करायला लागले. केळीवाला तीच एक फणी दहा मिनिटं तोलत बसला. दोन म्हाताऱ्या उगाच भांडायला लागल्या आणि मधूनच तिरक्या डोळ्याने तू बघतोयस का ते बघत होत्या. एकाने तुझ्या कानात सांगितलं, "मले काढ, पर इचारू नोको." तू कपाळावर हात मारून दुकानात आलास. "आता सारा बाजार नाटक करून राहिला बे! याच्यापेक्षा शिव्या देत होते ते बरं होतं." मी पोट धरून हसलो होतो. तूही हसलास. आपण दोघं इतके हसलो की पासपोर्टसाठी बसलेला माणूस उठून गेला.

माझंही एक सांगून टाकतो. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, केस सारखे करतं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटतं, तेव्हा मी आता आधी एक फोटो काढतो. मग म्हणतो, मान सरळ. तो पहिला फोटो कोणी मागत नाही, पण मी जपून ठेवतो. हे तुझ्यामुळे. तू जिवंत असताना कबूल केलं असतं तर तू गावभर सांगितलं असतंस.

तर काल. पंगतीत कोणीतरी म्हणालं, हेमराजला लवकर संधी मिळायला हवी होती. मी घास ताटात ठेवला. सहा वर्षं मनात धरलेलं होतं, ते आता माझ्याच्याने धरवेना. कुंदावहिनी वाढायला आल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी, त्याचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं. मी फोटो दिले नसते तर त्याची निवड झाली असती. मला माफ करा." वहिनींनी गोंधळून पातेलं खाली ठेवलं. आणि समोरच्या ओळीतून सरूबाई हसायला लागली. अशी हसली की तिच्या पानातला भात सांडला.

"तुले कोनी सांगलं, तू देले म्हून? टेसनावरून फोन आल्ता त्याचा मले. म्हने, सरूबाई, गाडी लेट आहे, तुमची बस जाईन. आपापले फोटू उतरवा अन् निंगा. मी म्हनलं, पल्लादभाऊ देईन का? तं म्हने, त्याले इचारू नोको, सरळ हात घाल. त्याच्यानं नाई म्हनवनार नाई. मी भांडली ना त्याच्यासंग! म्हनलं, तुह्यं नुकसान होईन. तं म्हने, होऊ दे. फोटू तुमचे आहेत, मी तं फकत काढले."

"मंग त्यानं फोन काहून बंद केला?" मी विचारलं.

"तू लावशीन म्हून. म्हने, पल्लाद्याचा आवाज आयकला तं माहं मन पलटन, अन् मी साऱ्याइले थांबवून टाकीन." मग तिने डोळे पुसले, हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, ते कळलं नाही. "शपथ घातली होती मले. जिता आहो तवरी पल्लाद्याले सांगाचं नाई. म्हने, वादात मी हारलो हे त्याले मालूम झालं, तं तो मले जगू देनार नाई."

तेव्हा मी ताटावरून उठलो.

आता कळलं का कशावर चिडलो? सहा वर्षं मी तुला माफीचा चहा पाजला आणि तू मजेत प्यालास! वर आणखी आलुबोंड्याला चटणी मागितलीस! चार लोकांत माझी फजिती केलीस, आणि वाद मात्र तू केव्हाच हरून बसला होतास. वरठीच्या फलाटावर एकटा उभा राहून, समोरून आलेलं वर्ष हाताने परत पाठवून. तू ते मोठेपणा म्हणून कोणाला सांगितलंही नाहीस. त्याची थट्टा करून टाकलीस आणि ती माझ्या नावावर खपवलीस. हे लिहिता लिहिता मला हसू येतंय, आणि कालपासून जे अडून होतं तेही आता येतंय. कागद ओला होतोय, तू बघू नकोस.

तू माझ्यावर भरवसा टाकलास, त्याचं मला कौतुक आहे. याच्याने नाही म्हणवणार नाही, हे तुला माझ्याहून आधी ठाऊक होतं. पण एका गोष्टीत तू चुकलास, हेमराज. एक फोन मला करायला हवा होतास. मी तुला हिणवलं असतं, जन्मभर हिणवलं असतं, ते खरंच. पण त्या दिवशी स्टुलावर चढून मी एकेक फोटो चोरासारखा, खाली मान घालून उतरवला रे. मला ठाऊक असतं, तर एकेकाचं नाव पुकारून, त्याला पुढे बोलावून, सगळ्या हॉलला टाळ्या वाजवायला लावून दिला असता. आणि शेवटी फोन कानाला लावून, तिकडे फलाटावर तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तुझं नाव पुकारलं असतं.